चतकोर पोळी कुणी दिली?

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू शॉकच्या पट्ट्याचं, म्हणजे भुंकलं की कुत्र्याच्या मानेला विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याचं नाव काढलंस आणि मी 'अजिबात नको' म्हणून मोकळी झाले. पण नुसत्या 'नको'वर तू त्या घरच्यांना काय सांगणार? म्हणून लिहिते.

इंदिरानगरचा तो लॅब्रेडॉर ताटं मांडली की भुंकतो. दुर्लक्ष करा, असं तू सांगितलंस. त्यांनी चार-पाच दिवस केलं आणि भुंकणं आणखी वाढलं. इथपर्यंत तुझं काही चुकलेलं नाही. रोज मिळणारं अचानक बंद झालं की जनावर आधी जास्त जोर लावून बघतं. नळाला पाणी नसलं की आपणही तोटी आणखी दोनदा फिरवतोच. हा जोर ओसरतो. मात्र तो चढलेला असताना घरातलं एक माणूस जरी वितळलं, तरी कुत्रा शिकतो की आता इतकं भुंकावं लागतं. आणि तूच बोलता बोलता म्हणालास, 'आजी कधी कधी चतकोर पोळी टाकतात.'

ते 'कधी कधी' फार चिवट असतं. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या वाटेवरची माकडं आठव. प्रत्येक पिशवीत खाऊ नसतो, प्रत्येक माणूस घाबरून पिशवी सोडतही नाही, तरी त्यांची झडप थांबत नाही. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरचं मोठं काम प्रसिद्ध केलं, त्यातही हेच दिसतं. प्रत्येक टोचीला दाणा मिळायची सवय असलेलं कबूतर दाणे बंद झाल्यावर लवकर थांबतं. कितव्या टोचीला मिळेल याचा नेमच नसेल, तर ते टोचतच राहतं. तुझा लॅब्रेडॉर त्या दुसऱ्या जातीत बसतो.

आता पट्ट्याचं. वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलावर केलेला, १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला आजही अस्वस्थ करतो. पांढरा उंदीर समोर ठेवायचा आणि मुलानं हात लावला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. असं काही वेळा झाल्यावर मूल नुसत्या उंदराला पाहून रडू लागलं, मग सशालाही, कुत्र्यालाही घाबरू लागलं. ती भीती न उतरवताच प्रयोग संपला. भीती अशी पसरते, पोरा. हा कुत्रा भुंकेल तेव्हा समोर आजी ताट घेऊन बसलेल्या असतील, शेजारी नात असेल. मानेला झटका बसला की तो 'भुंकू नये' शिकेल, की 'ही पोरगी जवळ आली की दुखतं' शिकेल? ते ठरवणं तुझ्या हातात राहत नाही, आणि चूक झाली तर चावा त्या नातीला बसेल.

वेळेची चूक किती महाग पडते ते मी स्वतः भोगलंय. माझं पहिलं कुत्रं एकदा गोदाकाठी पळालं. अर्धा तास हाका मारल्या, शेवटी आलं, आणि मी त्याला दोन रट्टे दिले. माझ्या मनात ते पळून गेल्याबद्दल होते, त्याच्या लेखी परत आल्याबद्दल. पुढे ते हाकेला कधीच निर्धास्तपणे आलं नाही. म्हणून तुला सतत सांगते, 'बरोबर केलंस, खाऊ येतोय' हे कुत्र्याला कळवणारी जिभेची टिचकी वागणुकीच्या त्याच क्षणाला वाजली पाहिजे. खाऊ मागाहून पोचला तरी चालतो.

आजींवर मात्र रागावू नकोस. पोळी टाकली की गोंगाट थांबतो, हे त्यांचं बक्षीस आहे. त्रास टळल्यामुळे सवय पक्की होते, तशी ती त्यांची झालीय. त्यांना देणं बंद करायला सांगितलंस तर त्या लपून देतील, कारण त्यांना द्यायचंच असतं, आणि ते चांगलंच आहे. तेव्हा देण्याचं काम त्यांच्याकडेच ठेव. ताटं मांडण्याआधी कुत्र्याला कोपऱ्यातल्या गोणपाटावर बसव. गप्प बसून दोन सेकंद झाले की आजींनी तिथे जाऊन उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवायचा. मग पाच सेकंद, मग दहा. भुंकला तर हात थांबवायचा आणि पुढच्या वेळी अवधी कमी करायचा. एक गोष्ट घरात सगळ्यांना बजावून सांग: द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाहीत. आपल्याकडे हंगामात घरोघरी पेट्या येतात आणि लोक कौतुकानं एखादा मणी देतात, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक ठरू शकतात.

धाकट्या भावाला तबल्याच्या रियाजाचे रोज दहा रुपये देऊ का, असं विचारलं होतंस. देऊ नकोस. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रं काढायची मुळात आवड असलेली मुलं घेतली. ज्यांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं होतं, ती नंतर आपण होऊन कमी चित्रं काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली. रियाज झाल्यावर त्याच्याजवळ जाऊन बस आणि कुठला बोल आज सुटा वाजला ते सांग. गणिताचा त्याला कंटाळा आहे, तिथे बक्षीस ठेवायला हरकत नाही, पण काय ठेवलंय ते त्याला उघड सांगून. माणसाला न कळता वळवायचं नाही, हा माझा नियम तूही पाळावास असं मला मनापासून वाटतं.

शनिवारी सकाळी मी तुझ्याबरोबर इंदिरानगरला येते. तोवर तीन दिवस वहीत मांड: भुंकण्याच्या आधी काय झालं, लगेच नंतर काय झालं आणि कुणी केलं. आजींशेजारी बसूनच लिही.

तुझी,
ताई