भुईआवळीचा अर्क आणि काढा

प्रश्न : भुईआवळीच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता क जीवनसत्त्वाच्या जवळपास जाते, असे एका लेखात वाचले. ही क्षमता कशी मोजतात, तिच्यामागे कोणती द्रव्ये असतात, आणि एवढ्यावरून रोज काढा घेणे योग्य ठरेल का?

उत्तर : अशा अभ्यासांत बहुधा डीपीपीएच नावाच्या रसायनाचे गडद जांभळे द्रावण वापरतात. हे एक स्थिर मुक्त मूलक आहे; म्हणजे त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. अशा मूलकांना निष्प्रभ करण्याची ताकद म्हणजे अँटिऑक्सिडंट क्षमता. त्यात अर्क मिसळून परीक्षानळी साधारण अर्धा तास अंधारात ठेवली, की अर्कातील द्रव्ये त्या मूलकाला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देतात आणि जांभळा रंग उतरत उतरत पिवळ्यावर येतो. किती रंग उतरला, हे ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. निम्मी मूलके निष्प्रभ करण्यासाठी अर्काची जी तीव्रता लागते, तिला आयसी५० म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितकी क्षमता अधिक. तो उलटा वाचण्याची चूक सहज होते.

भुईआवळीतील ही क्षमता मुख्यतः पॉलिफेनॉल गटातील द्रव्यांची आहे : जेरानिन आणि कोरिलाजिन ही टॅनिने, गॅलिक आम्ल, तसेच क्वेर्सेटिन आणि रुटिन ही फ्लॅव्होनॉइडे. पान चावल्यावर जीभ आक्रसल्यासारखी होते, तो तुरटपणा टॅनिनांचा. ती लाळेतील प्रथिनांना चिकटतात. फिलँथिनसारखी लिग्नॅन गटातील द्रव्येही या वनस्पतीत असतात, परंतु ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत.

आपल्या प्रश्नाची खरी मेख इथेच आहे. प्रयोगशाळेतील अर्क पुष्कळदा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो, आणि मिथेनॉल हे विष आहे. काढ्यात मात्र पाण्यात विरघळणारी द्रव्येच प्रामुख्याने उतरतात, शिवाय उकळताना जेरानिनचे विघटन होऊन कोरिलाजिन, गॅलिक आम्ल आणि एलॅजिक आम्ल तयार होते. तेव्हा लेखातील आकडा आपल्या पेल्यातील काढ्याला लागू होत नाही.

शिवाय परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. मोठ्या रेणूंची टॅनिने आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जात नाहीत. जेरानिनपासून निघालेल्या एलॅजिक आम्लाचे आतड्यातील जिवाणू युरोलिथिन नावाच्या निराळ्याच द्रव्यांत रूपांतर करतात, आणि हे प्रमाण माणसागणिक बदलते. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला तक्ता २०१२ साली मागे घेतला, तो याच कारणाने : नळीतील आकड्यावरून शरीरातील परिणाम सांगता येत नाही. मला तो निर्णय अत्यंत योग्य वाटतो.

म्हणून केवळ या आकड्याच्या भरवशावर रोज काढा सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मुळीच घेऊ नये.

रानातून वनस्पती आणताना ओळखीचाही घोटाळा होतो, कारण पानांखाली बारीक फळांची रांग असणाऱ्या फिलँथस (भुईआवळीच्या कुळवंशाचे शास्त्रीय नाव) प्रजाती एकाहून अधिक आहेत. भिंगातून फळ पाहावे : फिलँथस अमारसचे फळ गुळगुळीत असते, तर फिलँथस युरिनारियाचे खरबरीत आणि बहुधा तांबूस झाक असलेले. अभ्यास कोणत्या प्रजातीवर झाला, हे लेखात आधी शोधावे.