पत्रे घातल्यापासून पोटमाळ्यावर बुरशी येते, एक्झॉस्ट फॅन बसवू का?

माकडांना कंटाळून कौलं उतरवली, पत्रे घातले आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात वाशांवर बुरशी येते, असं तुम्ही लिहिलंय. कोकणात ही तक्रार आता घरोघरी आहे. फॅनची घाई मात्र करू नका.

लाकडालगतची हवा ८० टक्क्यांहून दमट राहिली आणि ती ओल काही दिवस टिकली, की बुरशी धरते. जुलैत बाहेरचीच हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. भर पावसात ती पंख्याने आत ओढून काय वाळणार? मंगलोरी कौलांच्या फटींतून हवा खेळायची आणि खालच्या चुलीची ऊब वाशांपर्यंत पोचायची, म्हणून जुने माळे टिकले. आता चूल गेली आणि फटीही गेल्या. त्यात पत्रा रात्री गार पडतो, त्याला खालून घाम सुटतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने हात फिरवून बघा. सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर तो घाम. स्क्रूभोवती किंवा जोडावरच ओघळ असेल तर गळती. ती आधी बंद करा.

खरा उपयोग उघडिपीचा. दोन तास ऊन पडलं तरी पत्रा तापतो, आतली हवा वर चढते. तिला आढ्यापाशी बाहेर पडायला वाट हवी आणि खाली वळचणीतून नवी हवा आत यायला हवी. नुसत्या वरच्या झरोक्याने भागत नाही. अमेरिकेतल्या बांधकाम-नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५०व्या भागाइतकी मोकळी जागा सांगितली आहे. म्हणजे ६०० चौरस फुटांना ४ चौरस फूट, साधारण निम्मी खाली, निम्मी वर. बारीक जाळी बसवल्यावर वाट अरुंद होते, तेव्हा भोकं थोडी मोठीच ठेवा. वरच्या तोंडाला पावसाची झड आत येणार नाही अशी तिरप्या पट्ट्यांची झडप लावा. हे झाल्यावरही फॅन हवाच असेल तर तो उघडिपीतच चालवा.

बाथरूमचा पंखा माळ्यात सोडलेला असेल (गवंडी सोयीसाठी सर्रास तसं करतात) तर त्याचा पाइप भिंतीबाहेर काढा. गिझरच्या आंघोळीची सगळी वाफ वाशांवर जाते. बेगमीची लाकडं आणि नारळाची सोडणं (सालं) पूर्ण वाळल्याशिवाय वर चढवू नका, भिंतीपासून वीतभर लांब रचा.

आलेली बुरशी ऑक्टोबरात, मास्क लावून, साबणाच्या पाण्याने घासून काढा. लाकूड खडखडीत वाळेपर्यंत त्यावर रंग किंवा व्हार्निश लावू नका, नाहीतर ओल आत कोंडून राहील.