ड्रायसूटच्या (थंड पाण्यात डायव्हिंग करताना अंग कोरडं ठेवणाऱ्या सूटच्या) आत घालायचा थिन्सुलेटचा, म्हणजे बारीक कृत्रिम तंतूंच्या उबदार थराचा, अंडरसूट घरी मशीनमध्ये धुता येतो का?

येतो, पण आधी आतल्या लेबलवरची सूचना वाचा. ती वेगळी असेल तर तीच पाळा. आइसलँडमधल्या सिल्फ्रा या डायव्हिंगसाठी प्रसिद्ध भेगेत पाणी बाराही महिने 2 ते 4 अंश असतं. तिथे अंगाची ऊब टिकते ती थिन्सुलेटच्या बारीक तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. म्हणून धुताना हे तंतू चिकटू किंवा दबू द्यायचे नाहीत.

चेन लावा, सूट उलटा करा, 30 अंशांवर नाजूक कपड्यांच्या सेटिंगला लावा. साबण द्रवरूप आणि नेहमीपेक्षा कमी. कम्फर्टसारखं फॅब्रिक कंडिशनर मात्र अजिबात नको! त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम बाहेर टाकायची ताकद जाते. ब्लीचही नको.

गळ्यातून किंवा मनगटातून समुद्राचं पाणी आत गेलं असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यात बुडवून काढा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढतं, आणि वाळलेला सूटही हाताला दमट लागतो.

पिळू नका. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. काख आणि मांड्यांचा जोड सगळ्यात शेवटी वाळतो, तिथे चिमटीत धरून बघा. आत मेरिनो लोकरीचा पातळ थर घातलात, तर घाम तोच शोषतो आणि अंडरसूट वरचेवर धुवावा लागत नाही.