होस्टेलची भिंत आणि तुझे फोटो

प्रिय मित्रा,

‘भिंतीवर खिळे ठोकू नयेत, टेप लावू नये’ ही होस्टेलच्या नियमावलीतली ओळ वाचून तू हिरमुसलास, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. घरच्यांचा फोटो, आवडता नकाशा नजरेसमोर असला की परकी खोली लवकर आपलीशी होते. म्हणून मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

पण नियमाला कारण आहे. स्विचबोर्डाची वायर बहुधा प्लास्टरच्या आतून सरळ वर किंवा खाली गेलेली असते. त्या रेषेत खिळा गेला तर जिवावर बेतू शकतं. टेप निघताना रंगाचे पोपडे सोबत घेऊन येतो आणि खोली सोडताना त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.

आधी भिंतीवरून तळहात फिरव. हाताला भुकटी लागली, तर चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे असं समज. तिथे कुठलीच चिकटपट्टी टिकत नाही, कारण गोंद त्या भुकटीलाच धरतो. ओल धरलेल्या भिंतीचंही तेच. ब्लू टॅक (कागद चिकटवायची मऊ, पुन्हा वापरता येणारी पुटी) लावायचा मोह होईल, पण त्याचे तेलकट डाग राहू शकतात.

ऑइल पेंटची गुळगुळीत भिंत असेल, तर कमांड स्ट्रिप, म्हणजे हुक भिंतीला चिकटवायच्या आणि नंतर ओढून काढता येणाऱ्या पट्ट्या, चालतील, पण आधी रेक्टर सरांना विचार. त्यांची परवानगी मेसेजवर घेतलीस तर उत्तम. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने (पटकन उडून जाणारा, साफसफाईचा द्रव) पूस, सुकू दे, पट्टी ३० सेकंद घट्ट दाबून धर आणि हुकवर काही अडकवण्याआधी तासभर थांब. काढताना मात्र घाई नको. पट्टीची शेपटी, म्हणजे खालचं मोकळं टोक, भिंतीला लागूनच सरळ खाली, हळूहळू ताणत जा. ती लांबच लांब होत सुटते. स्वतःकडे ओढलीस तर रंग गेलाच. पलंगाच्या वर या पट्ट्यांनी काही टांगू नकोस.

खरं सांगू, मला यापेक्षा भिंतीला हातही न लावणारे उपाय आवडतात. लोखंडी कपाटाचं दार म्हणजे तयार बोर्ड. छोटी लोहचुंबकं आण आणि त्यावर हवे तितके फोटो लाव. खिडकीच्या एका टोकाच्या गजापासून दुसऱ्या टोकाच्या गजापर्यंत सुतळी ताणून बांध आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पोस्टकार्डं अडकव. फक्त खिडकी उघडता यायला हवी. आईची जुनी साडी पडद्याच्या दांडीवर छान दिसेल, पण दिव्यांच्या माळेपासून आणि चार्जरपासून कापड लांब ठेव. नकाशा पुठ्ठ्यावर लावून टेबलावर भिंतीला टेकवून उभा कर.

आणि हे आजच कर: सामान लावण्याआधी चारही भिंतींचे, आधीच्या मुलांनी केलेल्या भोकांसकट, फोटो काढ आणि रेक्टर सरांना पाठवून दे. ती भोकं उद्या तुझ्या नावावर पडायला नकोत.

तुझी,
ताई