कौतुक झालं की बरं वाटतं, हा गर्व का?

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातल्या कॅथलिक घरांतून एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. चर्चमध्ये एखादं काम नीट झालं, चौघांनी शाबासकी दिली, आतून बरं वाटलं. आता हा गर्व झाला का? पापनिवेदनात सांगायचा का? विचारणारी माणसं बहुधा गर्विष्ठ नसतात. गर्विष्ठ माणूस कशाला विचारायला येतोय!

गेल्या नाताळानंतर आलेल्या एका बाईंचं सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

खानापूर तालुक्यातल्या एका चर्चमध्ये त्या वर्षानुवर्षं रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, कीबोर्ड वाजवायच्या. घरात कोंकणी, गाण्यांची वही मराठी, बाजारात कन्नड, आपल्याकडचं नेहमीचंच. मिस्सा सुटल्यावर कुणी म्हणालं, "बाई, आज गाणी छान झाली," की यांचं उत्तर ठरलेलं: "छ्या, कसलं छान! दोनदा चुकले की." मग समोरच्याला "नाही हो, खरंच छान झाली" असं पुन्हा म्हणावं लागायचं. म्हणजे एकाच्या जागी दोन कौतुकं पदरात.

पुढे बेळगावात शिकून आलेली एक पोरगी कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, आली आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला कीबोर्डवर फादरांनी तिला बसवलं. बाईंनी कॉयर सोडला. विचारणाऱ्यांना सांगितलं, "तरुणांना पुढं येऊ दे की. आपण नम्रपणे बाजूला व्हावं." आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

येताना त्यांनी एक शंभरपानी वही आणली होती. रोजची तारीख, तिच्याखाली उभ्या रेघा, पाचवी आडवी, दुधाच्या हिशेबाला मारतात तशा. मनात गर्व आला की एक रेघ. नाताळच्या आठवड्याचं पान गच्च भरलेलं, आणि पेन इतकं दाबलेलं की रेघा मागच्या पानावर उमटल्या होत्या.

"मॅडम, मी रोज नम्रतेची लितानी, ती ओळीओळीनं मागणं मागायची प्रार्थना, म्हणते, तरी हे वाढतच चाललंय. फादरांनाही दरवेळी तेच सांगते. त्यांनाही वीट आला असेल."

मी वही चाळली. कॉयरमध्ये पंधरा-वीस माणसं, पण वहीत एकाचंही नाव नव्हतं. सगळीकडे बाईच.

पाप कोणतं हे ठरवणं माझं काम नाही, ते पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचं, हे मी आधीच सांगितलं. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेला चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ एवढं स्पष्ट सांगतो की भावना मुळात चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. बुद्धी आणि इच्छा त्यांचं पुढे काय करतात, यावर सगळं ठरतं. कौतुकानं बरं वाटणं ही भावनाच. तेच तेच पुन्हा सांगत राहणाऱ्यांसाठी चर्चमधला जुना सल्लाही आहे: एकच धर्मगुरू ठरवा, त्यांनी सांगितलेलं माना आणि निकाल लागलेला खटला पुन्हा उभा करू नका.

मग लितानी समोर ठेवून आम्ही ती ओळीनं वाचली. पोप दहावे पायस यांचे राज्यसचिव कार्डिनल मेरी देल व्हाल यांच्या नावानं ती प्रचलित आहे. पहिल्या भागात मान, स्तुती, पसंती यांच्या हव्यासापासून सुटका मागितली आहे. बरं वाटण्यापासून नव्हे. दुसऱ्या भागात भीतीपासून सुटका: अपमानाची भीती, लोक विसरतील ही भीती. तिसऱ्या भागात दुसऱ्यांसाठी मागणं आहे. त्यांची निवड व्हावी, मी बाजूला राहावं, असं मनापासून वाटण्याची कृपा दे.

"हे मी भराभर म्हणते," बाई म्हणाल्या.

"का बरं?"

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "ती पोरगी माझ्यापेक्षा चांगली वाजवते, मॅडम."

वही रेघांनी भरली होती ती हव्यासाच्या नावानं. खरी झोप उडवली होती भीतीनं, आणि तिच्यासाठी वहीत एकही रेघ नव्हती. आविलाच्या संत तेरेसा म्हणतात, नम्रता म्हणजे सत्यात चालणं. इथं सत्यं दोन होती. पोरगी चांगली वाजवते हे एक, आणि बाईही चांगल्या वाजवतात हे दुसरं. दुसरं वाक्य मी त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं, तर त्यांना ते पहिल्यापेक्षा जड गेलं.

राहिला प्रश्न "नम्रपणे बाजूला" होण्याचा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिचा सातवा अध्याय नम्रतेच्या बारा पायऱ्यांचा म्हणून सगळ्यांना माहीत असतो. मला कामाचा वाटतो तो ५७वा, कारागिरांचा. मठातल्या कारागिरानं आपली कला मठाधिपतींच्या परवानगीनं, नम्रपणे करावी. कौशल्याचा ताठा चढला तर त्याला त्या कामावरून काढावं. काढायचं ते मठाधिपतींनी. कारागिरानं रुसून हत्यार खाली ठेवायचं आणि त्याला नम्रता म्हणायचं, अशी सोय तिथं नाही. हे ऐकून बाई जरा चिडल्याच, पण हसल्याही.

(घरात मार खाणाऱ्या, रोजचा पाणउतारा सोसणाऱ्या बाईला "नम्रतेनं सोस" असं सांगणारेही मला भेटतात. त्यांच्याशी माझं उघड भांडण आहे. हे प्रकरण त्यातलं नव्हतं.)

मी सांगितलं ते थोडंच. रेघा बंद. कौतुक केलं कुणी तर "धन्यवाद" म्हणायचं आणि पुढे गप्प राहायचं. वहीत रोज दुसऱ्या कुणाचं एक चांगलं काम, नावानिशी. पहिल्या आठवड्यात चर्चचा डुगडुगता बाक ठोकून देणारे आजोबा आले, वेदीवरची फुलं बदलणारी शेजारीण आली, नवराही एकदा आला. पोरगी यायला महिना लागला. "गप्प राहणं सगळ्यात अवघड," असं त्यांचं म्हणणं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्या कॉयरमध्ये परतल्या. मुद्दाम तेव्हाच, असं मीच सुचवलं होतं. त्या काळात, काही ठरावीक दिवस सोडले तर, वाद्य फक्त गायनाला आधार म्हणून वाजवायची मुभा असते. कीबोर्डची करामत दाखवायला वाव नाही, त्यामुळे दोघींनाही सोपं गेलं. पोरीला सुरावटी वाचता येतात, पण इथल्या जुन्या मराठी गीतांच्या चाली तिला ठाऊक नाहीत. त्या बाईंच्या बोटांत आहेत. आता रविवारी मिस्सेआधी अर्धा तास बाई तिला त्या शिकवतात. तीही बाईंना काय काय दाखवते म्हणे, पण ते बाई अजून फारसं सांगत नाहीत.

ईस्टरला दोघी आलटून पालटून वाजवणार आहेत. मराठी गाणी किती, कोंकणी किती, कन्नड किती आणि त्यातली कोणती कोणाच्या वाट्याला, यावर कॉयरमध्ये जोरदार वाद चालू आहे. तो फादरांनी सोडवायचाय.