गाडी लगेच का निघत नाही?

मागच्या अंकात मी रुग्णवाहिकेत मागे बसणाऱ्या इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनबद्दल, म्हणजे ज्याला आम्ही सगळे 'ईएमटी' म्हणतो त्याच्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी 'प्रश्न असतील तर पाठवा' असं म्हटलं होतं. बरीच पत्रं आली, त्यात काही चांगलीच तापलेली. तापलेली आधी घेते. ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: मी मूळची सावंतवाडीची. गोव्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेत बरीच वर्षं ईएमटी होते, आता गुडघे जिने चढू देत नाहीत म्हणून नव्या मुलामुलींना शिकवते.

प्रश्न : ताई, पहाटे बाबांच्या (वय ६४) छातीत कळ आली. १०८ वेळेवर आली, पण तो मुलगा दहा-बारा मिनिटं घरातच रेंगाळला. छातीला वायरी लावल्या, बीपी घेतलं, फोनवर कुणाशी तरी बोलत बसला. बाबा चालत खाली यायला तयार होते, तर त्यांना उठूच दिलं नाही, खुर्ची मागितली. तेवढ्या वेळात आम्ही इस्पितळात पोचलो असतो. बाबा आता बरे आहेत, पण राग जात नाही. – एक वाचक, डिचोली

बाबा बरे आहेत ना? मग राग सावकाश जाऊ दे, तोवर त्या मुलाने काय केलं ते ऐका.

हृदयविकाराच्या झटक्यात पहिल्या तासाभरातली सगळ्यात मोठी भीती म्हणजे हृदयाची लय अचानक बिघडून ते नुसतं थरथरत राहणं. तेव्हा उपाय एकच, विजेचा झटका. तो मिळायला जेवढी मिनिटं उशीर होतो, तेवढी जगण्याची शक्यता मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते. आता तुमचे बाबा चालत निघाले आणि जिन्याच्या वळणावर कोसळले असं धरा. झटका देणारं यंत्र गाडीत, माणूस जिन्यात, आणि छाती दाबायला सपाट जागा नाही. शिवाय आजारी हृदयाला जिना उतरण्याचे कष्टही परवडत नाहीत. म्हणून खुर्ची. आम्ही शिकवतो तेव्हा हे वाक्य मुलांकडून घोकून घेतो: छातीत दुखणारा माणूस स्वतःच्या पायांनी गाडीत चढत नाही. तो कितीही 'मी ठीक आहे' म्हणू दे.

त्या 'वायरी' म्हणजे ईसीजी. पहिली भेट झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो निघावा असा नियम आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. गोव्यात 'स्टेमी गोवा' योजनेत (स्टेमी म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याचा एक गंभीर प्रकार) तो कागद थेट बांबोळीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत जातो. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन जवळच्या छोट्या रुग्णालयातही देता येतं. म्हणजे गाडी कुठल्या दिशेला वळवायची हे तुमच्या बैठकीच्या खोलीत ठरत होतं. चुकीच्या दारात वेगाने पोचून काय करणार?

फोनवर होता तो डॉक्टर. ईएमटी स्वतःच्या मनाने औषधं देत नाही. कंट्रोल रूममध्ये चोवीस तास डॉक्टर बसलेला असतो, आम्ही त्याला ईआरसीपी म्हणतो. आकडे सांगायचे, त्याने 'द्या' म्हटलं की द्यायचं, आणि त्याचं नाव आणि वेळ फॉर्मवर लिहायची. ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला देण्याआधी पोटात अल्सर आहे का, काळी शी झाली होती का, हे विचारावंच लागतं. आणि ती जिभेखालची सॉर्बिट्रेट, जी शेजारचे काका खिशातून काढून देतात, ती तर बीपी न बघता देऊच नये. आधीच उतरलेलं बीपी आणखी पडतं. एक प्रश्न आम्ही बायकोला पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवून विचारतो: ती निळी गोळी (व्हायग्रा) घेतली होती का? हो म्हणाले, तर सॉर्बिट्रेट बंद. पासष्टीचे गृहस्थ लाजतात, पण खरं सांगतात.

'कळ किती वाजता सुरू झाली?' हा प्रश्नही त्याने दोनतीनदा विचारला असेल. इस्पितळातले डॉक्टर आमच्याकडून पहिली गोष्ट तीच मागतात.

थांबायचं नसतं ते दुसरीकडे. पोटात चाकू, अपघातात पोटाला मार, बाळंतपणात न थांबणारा रक्तस्राव, तोंड वाकडं होऊन एक हात लुळा पडणं. यांचा इलाज ऑपरेशन थिएटरात किंवा सीटी स्कॅनच्या खोलीत असतो. पक्षाघातात गुठळी विरघळवायला साडेचार तास असतात आणि त्यातले बरेच घरच्यांनी 'झोपून उठल्यावर बरं वाटेल' म्हणण्यात घालवलेले असतात. तिथे आम्ही उचलतो आणि पळतो, सलाईनसुद्धा धावत्या गाडीत लावतो. कधी थांबायचं आणि कधी पळायचं हे ओळखणं, आमच्या कामातला निम्मा जीव त्यातच आहे.

प्रश्न : आमच्याकडे महाराष्ट्रात १०८ मध्ये डॉक्टर असतात. गोव्यात मात्र 'टेक्निशियन'. मग आमची सेवा वरचढ नाही का? – सावंतवाडी

माहेरचं पत्र! उत्तर मात्र माहेरचं म्हणून मऊ नाही.

१०८ ची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत झाली आणि तिथून पुढे बहुतेक राज्यांनी ईएमटी आणि पायलट (गाडी चालवणाऱ्याला आमच्यात पायलटच म्हणतात) अशीच जोडी ठेवली. गोव्यात ही सेवा २००८ मध्ये आली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरुवात केली, त्यातल्या २३३ अॅडव्हान्स आणि ७०४ बेसिक, आणि प्रत्येकीत डॉक्टर बसवला. बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस. दोन्ही पद्धती जगात आहेत. फ्रान्समध्ये गंभीर रुग्णाकडे डॉक्टर जातो, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पॅरामेडिक.

अमेरिकेतली सुरुवात मात्र ऐकण्यासारखी आहे. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब काळ्या वस्तीत 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा निघाली. त्याआधी तिथे रुग्णाला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. देशात बऱ्याच गावांत तर मयताची गाडीच रुग्णवाहिका म्हणून धावायची. सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत, रुजवणाऱ्या डॉ. पीटर सफार यांनी त्याच वस्तीतल्या बेकार तरुणांना निवडलं आणि महिनोन्महिने शिकवलं. कुणी डॉक्टर तर नव्हतंच, काहींनी शाळाही पूर्ण केलेली नव्हती. पुढे देशभरच्या पॅरामेडिकच्या अभ्यासक्रमाला त्यांच्या कामाचा आधार मिळाला. त्यांची स्वतःची सेवा मात्र १९७५ मध्ये शहराने बंद करून टाकली. असो.

माझं मत विचाराल तर पदवीपेक्षा मी हात बघते. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर अंबू बॅगचा, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा, मास्क एका हाताने घट्ट धरून, त्याच हाताने हनुवटी वर उचलून, दुसऱ्या हाताने सावकाश श्वास देणं, तेही बांद्याच्या पुढे हायवेवर गाडी उडत असताना, हे रोज करणाऱ्यालाच जमतं. दवाखान्यात बसून आलेल्या डॉक्टरलाही ते पहिल्या दिवशी जमत नाही. शिकलेला डॉक्टर गाडीत असेल तर सोन्याहून पिवळं. पण 'डॉक्टर नाही म्हणजे कुणीच नाही' हा समज सोडा.

प्रश्न : १०८ ला फोन केला की पलीकडची बाई प्रश्नच विचारत बसते. माणूस मरतोय आणि हिला नाव-गाव हवं! – पेडणे

ठिकाण आणि काय झालंय एवढं कळलं की ती निरोप पुढे देते. उरलेले प्रश्न चालू असतात तेव्हा गाडी बाहेर पडायच्या तयारीत असते, बोलण्यामुळे थांबलेली नसते. फोन ठेवू नका. ती छाती कशी दाबायची ते सांगते: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. आम्ही येईपर्यंतचे ईएमटी तुम्हीच असता. पत्ता सांगताना घर क्रमांक नको. कुठला वाडा, कुठला खुरीस (क्रूस), कुठलं देऊळ ते सांगा. एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. आणि कुत्रा बांधा हो. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) अंगणातल्या कुत्र्यांनी आमचा जेवढा वेळ खाल्लाय तेवढा ट्रॅफिकने नाही.

प्रश्न : भावाला फुरसं चावलं. आम्ही पायाला दोरी आवळून बांधली. रुग्णवाहिकेतल्या बाई आमच्यावर चिडल्या, पण दोरी मात्र लगेच सोडली नाही. हे कसं? – देवगड

दोन्ही बरोबर. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने पाय सुजतो, रक्त गोठेनासं होतं. वरून दोरी आवळली की आधीच जखमी झालेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो. विष काही त्याने अडत नाही. पण एकदा बांधलेली दोरी घरातच झटकन सोडली, तर साचलेलं सगळं एकदम अंगात जाऊन माणूस कोसळू शकतो. म्हणून ती इस्पितळात, शिरेत सुई लावून आणि प्रतिविष हाताशी ठेवून सोडतात. पायाला लाकडी पट्टी, हाडं मोडल्यावर लावतात तशी, आणि हालचाल बंद, एवढंच घरी करायचं. त्या बाईंनी सूज जिथपर्यंत आली तिथे पेनाने रेघ मारून बाजूला वेळ लिहिली असेल. अर्ध्या तासाने सूज त्या रेघेच्या वर किती गेली ते डॉक्टर बघतात. मग काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठतं का, हे पाहतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष चालतं. त्यामुळे साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. गाडीत पिशवी उघडून दाखवणारे भेटलेत मला, आणि आतला 'मेलेला' साप हललेलाही पाहिलाय.

प्रश्न : हायवेवर मोटारसायकलवाला पडलेला दिसला तर हेल्मेट काढायचं का? आणि पोलिसांचं लफडं मागे लागेल त्याचं काय? – कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर

श्वास नीट चालू असेल तर काढू नका. काच वर करा, मान हलू देऊ नका, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड धरून घट्ट दाबून ठेवा. पाणी पाजू नका. पुढे भूल द्यावी लागली तर पोट भरलेलं नको. श्वासच चालत नसेल, किंवा उलटी होऊन घुसमटत असेल, तर मात्र हेल्मेट निघायलाच हवं. एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने बाजू फाकवून हळूहळू ओढायचं.

पोलिसांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ म्हणून आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, इस्पितळात अडवून ठेवता येत नाही. तरीही कुणी डोळे वटारले तर कलमाचा नंबर ठणकावून सांगा. मी सांगितलेला आहे, उपयोग होतो.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. नीटमध्ये मार्क कमी पडले. ईएमटी होऊ दे का? मुलींना जमतं का? – एक आई, अमरावती

मुलींना जमतं. स्ट्रेचर उचलताना जोर कंबरेवर नाही, मांड्यांवर घ्यायचा असतो, आणि ते शिकवता येतं. रात्री बाळंतपणाचा फोन आला की घरातल्या बायका माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास टाकायच्या, सोबतचे मुलगे गाडीबाहेर उभे राहायचे. धावत्या गाडीत बाळ आलं तर पायलट गाडी कडेला घेतो, बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवायचं, नाळेतले ठोके थांबले की ती बांधायची. या कामासारखं दुसरं काम मला तरी ठाऊक नाही.

पण नीटचा राग म्हणून पाठवू नका. छोटे कोर्स आहेत, पदवीही आहे; पदवीच घ्या. प्रवेशाआधी कॉलेजला विचारा की रुग्णवाहिकेवर आणि अपघात विभागात प्रत्यक्ष किती तास देणार. गुळमुळीत उत्तर आलं तर तिथून उठा. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने या पेशाला संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत जागा मिळाली, हे चांगलं झालं. पगाराचं मात्र गोड बोलणार नाही. बहुतेक नोकऱ्या कंत्राटी, पाळी बारा तासांची, गणपतीत आणि दिवाळीत हमखास ड्युटी. सात-आठ वर्षांनी पाठ बोलू लागते. वरच्या जागा थोड्या आहेत, म्हणून हुशार मुलं परदेशी जातात किंवा इस्पितळाच्या आत नोकरी धरतात. मुलीला एकदा सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागाबाहेर शनिवारी रात्री दोन तास बसवा. घरी आल्यावर ती जे बोलेल त्यावरून तुम्हाला कळेल.

प्रश्न : आत पेशंट नसतानाही रुग्णवाहिका सायरन वाजवत जातात. आम्ही बाजूला का व्हायचं? – ठाणे

कारण ती पेशंटकडे निघालेली असते. रस्ता न देणाऱ्याला कलम १९४ ई खाली दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि गाडी भरलेली की रिकामी हे आरशातून बघून ठरवायची मुभा कायद्याने दिलेली नाही. चहासाठी सायरन लावणारे महाभाग असतात असं तुम्ही पुढे लिहिलंय. असतात. गाडीचा नंबर आणि वेळ टिपा, कंट्रोल रूमला कळवा. गाडी कुठे, कधी आणि किती वेगाने होती हे जीपीएसवर दिसतं, आणि मग त्या पायलटला तो चहा फार महाग पडतो.