पफिन की जांभळा माळ?

प्रश्न: ताई, आम्ही यॉर्कशायरमध्ये लीड्सला राहतो. यंदा आईबाबा अलिबागहून येतायत. बाबांना बेम्प्टनच्या समुद्रकड्यांवरचे पफिन पक्षी बघायचेत आणि आईला फोटोत असतो तसा जांभळाजर्द मूर, म्हणजे इथला उघडा माळ. नवऱ्याला सुट्टी ऑगस्टमध्ये मिळतेय, एकाच फेरीत दोन्ही जमेल का? बाबांचे गुडघे दुखतात.

उत्तर: नाही जमणार, सरळच सांगते. पफिन जुलै संपता संपता समुद्रात निघून जातात आणि माळ जांभळा करणारं हेदरचं झुडूप फुलतं ऑगस्टात. ऑगस्टमध्ये गॅनेट हे मोठे पांढरे समुद्रपक्षी असतील पण बाबा पफिनसाठी एवढा विमानप्रवास करणार, तर नवऱ्याला सांगा जूनमध्ये सुट्टी टाक.

बेम्प्टनला खडूचे पांढरे कडे, जवळजवळ शंभर मीटर उंच, आणि वास म्हणाल तर सुकटीचा बाजार बरा. बघायचे कठडे बांधलेत आणि जवळच्या कठड्यांपर्यंत वाट सोपी आहे, गुडघ्यांची काळजी नको. पफिन दिसायला वेळ लागतो हं, कावळ्याहूनही लहान असतो आणि इथे तो कड्याच्या फटीत घर करतो, त्यामुळे तोवर गॅनेट बघा, ते अगदी हातभर अंतरावर येऊन गवत उपटून नेतात आणि घरट्यावर परतले की जोडीदाराशी चोचीला चोच घासत बसतात. गिलेमॉट हा दुसरा समुद्रपक्षी तर घरटंच करत नाही, उघड्या कपारीवर एकच अंडं, आणि पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की धड उडता येत नसतानाच खाली समुद्रात उडी मारतं, बाप खालून हाका मारत असतो. जूनच्या शेवटी संध्याकाळी थांबलात तर हे दिसू शकतं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळेच मिटून घेतले होते.

मग एक दिवस नॉर्थ यॉर्क मूर्सवर, गोथलंडच्या बाजूला. पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, आईंना आवडेल, माळ तेव्हा तपकिरीच असणार एवढं आधी सांगून ठेवा. वाट मात्र सोडू नका, पक्षी जमिनीवरच अंडी घालतात.

आणि बाबांसाठी एक गंमत. आपल्याकडे थंडीत खाडीच्या चिखलात लांब वाकडी चोच खुपसत फिरतो ना तो कर्ल्यू, त्याच जातीचे इथे माळावर पिल्लं वाढवतात, हवेत तरंगत खाली येताना लांबलचक थरथरती शीळ घालतात. खाडीवर ती शीळ अशी ऐकायला मिळत नाही. आधी काही सांगू नका, आवाजावरून ओळखतायत का बघा.